कार्बुरेटर की इंजेक्शन? दोन साक्षीदारांची उलटतपासणी

जुन्या मोटारी जतन करणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद बरीच वर्षे चालू आहे. गाडीचा मूळ कार्बुरेटर तसाच ठेवावा, की तो काढून त्या जागी इंधनाचे इंजेक्शन बसवावे? एका पक्षाच्या मते कार्बुरेटर ही आता केवळ अडगळ आहे. दुसऱ्या पक्षाला इंजेक्शन बसवलेली जुनी गाडी म्हणजे चिरेबंदी वाड्याला लावलेली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी वाटते. हा हौशी लोकांचा वाद. त्यात शिक्षकांनी लक्ष का घालावे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण या वादात दोन्ही बाजू जे पुरावे पुढे करतात ते तपासण्यासारखे आहेत आणि तपासणीला लागणारे बहुतेक सारे विज्ञान नववी ते बारावीच्या अभ्यासातले आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत आपल्याकडचे पेट्रोलच बदलले. त्यामुळे ज्यांच्या दारात अजून एखादी पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर उभी आहे, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहिलेला नाही.

इंजेक्शनवाल्यांचा आवडता साक्षीदार म्हणजे ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची १९६७ सालची टीआर-५ ही दोन आसनांची उघडी गाडी. कंपनीने ही गाडी दोन रूपांत विकली. ब्रिटनमध्ये ती टीआर-५ म्हणून आली आणि तिला ल्यूकस कंपनीचे यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन होते. अमेरिकेसाठी तिचे नाव टीआर-२५० आणि तिला दोन स्ट्रॉमबर्ग कार्बुरेटर. इंजिन तेच : सहा सिलिंडर, २४९८ घन सेंटिमीटर. टीआर-५ ची शक्ती कंपनीने १५० अश्वशक्ती सांगितली, टीआर-२५० ची १०४. वजाबाकी केली की ४६ अश्वशक्ती उरते, आणि ती इंजेक्शनच्या खात्यावर जमा होते. जुन्या गाड्यांवरच्या लिखाणात ही वजाबाकी वारंवार भेटते.

दहावीच्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असे लिहिले तर आपण काय विचारू? बाकीचे घटक स्थिर ठेवले होते का? ते ठेवलेले नव्हते. टीआर-५ चे संपीडन गुणोत्तर ९.५ होते, टीआर-२५० चे ८.५. ओटो-चक्राचे सूत्र वापरून पाहिले तर एवढ्या फरकाने कार्यक्षमता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते; म्हणजे ४६ पैकी तीनेक अश्वशक्तीचा हिशेब येथेच लागला. त्याहून मोठा फरक कॅमशाफ्टचा. इंजिनाच्या झडपा केव्हा उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या हे कॅम ठरवतो. टीआर-५ चा कॅम झडपा बराच जास्त वेळ उघड्या ठेवणारा होता. टीआर-२५० चा सौम्य होता. तिसरा फरक हवेच्या वाटेचा. इंजेक्शनच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र थ्रॉटल-पाकळी होती, म्हणजे सहा सिलिंडरांना सहा वाटा. कार्बुरेटरच्या इंजिनात तीन-तीन सिलिंडर एकाच कार्बुरेटरमधून श्वास घेत होते.

गंमत अशी की याचा अर्धामुर्धा उलट प्रयोगही कंपनीनेच करून ठेवला आहे. टीआर-५ नंतर आलेल्या टीआर-६ मध्ये इंजेक्शन तेच राहिले, पण १९७३ च्या सुमारास कॅम सौम्य केला गेला. जाहीर शक्ती १५० वरून १२५ च्या आसपास उतरली. (हा आकडाही निर्मळ नाही. शक्ती मोजण्याची पद्धत त्याच वेळी बदलून अधिक कडक जर्मन मानक वापरले गेले. एका वेळी दोन गोष्टी बदलण्याची मोटार कंपन्यांची सवय जुनीच दिसते.) या सगळ्यातून इंजेक्शनचा स्वतःचा वाटा किती, हे सांगता येत नाही. ज्याला सहा स्वतंत्र वाटा हव्यात त्याला त्या तीन दुहेरी वेबर कार्बुरेटर बसवूनही मिळतात, आणि या इंजिनावर तसे बसवणारे लोक आहेत.

पण या साक्षीदाराला जो खरा प्रश्न विचारायला हवा तो सहसा कोणी विचारत नाही. श्रीमंत अमेरिकी गिऱ्हाइकाला कंपनीने कमी शक्तीची गाडी का दिली? कारण अमेरिकेत १९६८ पासून धुरावर कायद्याचे बंधन आले आणि ल्यूकसचे इंजेक्शन परवडणाऱ्या किमतीत त्या बंधनात बसवणे कंपनीला जमले नाही. कार्बुरेटर बसला. आज आपण ‘इंजेक्शन म्हणजे स्वच्छ धूर’ हे गृहीत धरतो. येथे नेमके उलटे घडले होते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी या दोन्ही यंत्रांचे मूळ काम काय, ते पाहायला हवे.

पाठ्यपुस्तकातले अर्धे चित्र

कार्बुरेटरचे चित्र आपल्या परिचयाचे आहे. नळीचा गळा अरुंद, तिथे हवेचा वेग जास्त, म्हणून दाब कमी, म्हणून पेट्रोल ओढले जाते. वर्गात दोन स्ट्रॉ काटकोनात धरून पाण्याचा फवारा उडवून दाखवला की धडा संपतो. या चित्रात चूक नाही, पण ते अर्धे आहे. (स्ट्रॉच्या प्रयोगात चूकही आहे. मोकळ्या हवेत फुंकलेल्या झोताचा दाब वातावरणाइतकाच असतो. तिथले ओढणे वेगळ्या कारणाने होते. ते पुन्हा केव्हातरी.) पेट्रोल ओढणे ही अवघड गोष्ट नाही. अवघड गोष्ट म्हणजे योग्य प्रमाणात ओढणे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिन संथ असो वा धावते, हे प्रमाण टिकले पाहिजे.

हे कसे साधते? गळ्यातून जाणारी हवा दाबफरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाहते. जेटच्या छिद्रातून येणारे पेट्रोलही त्याच दाबफरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाहते. भागाकार केला की दाबफरक निघून जातो. हवा दुप्पट झाली तर पेट्रोल आपोआप दुप्पट होते. कोणी मोजत नाही, कोणी सांगत नाही. कार्बुरेटरची सारी हुशारी या एका भागाकारात आहे आणि आपल्या पुस्तकांत नेमकी तीच गाळलेली असते.

भागाकारानंतर काय उरते हेही पाहावे. छिद्रांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर उरते, आणि हवा व पेट्रोल यांच्या घनतांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ उरते. छिद्रे धातूत कोरलेली आहेत, ती बदलत नाहीत. हवेची घनता मात्र बदलते. मुंबईत जुळवलेली गाडी महाबळेश्वरला नेली, तर सुमारे १३७० मीटर उंचीवर घनता आठव्या हिश्श्याने कमी होते. तिचे वर्गमूळ सुमारे ०.९३५. म्हणजे १४.७ चे प्रमाण १३.७ वर येते; मिश्रणात पेट्रोल साडेसहा टक्क्यांनी अधिक होते. घाट चढून आलेली जुनी गाडी काळसर धूर का सोडते, त्याचे एक कारण एवढे साधे आहे.

वर्गमूळाचा नियम खालच्या टोकाला मोडतो. उतारावर पेट्रोल सांडू नये म्हणून त्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा चारपाच मिलिमीटर खाली ठेवतात. तेवढा चढ चढण्यासाठी सुमारे ३६ पास्कल दाबफरक लागतो, आणि तो मिळण्यासाठी गळ्यात हवेचा वेग सेकंदाला आठेक मीटर हवा. त्याखाली पेट्रोल येतच नाही. म्हणून इंजिन नुसते गुरगुरत उभे असताना त्याला पेट्रोल पुरवणारा वेगळा मार्ग, वेगळे जेट. थंड इंजिनासाठी चोक, एकदम वेग घेताना तोल सावरण्यासाठी छोटा पंप, वरच्या वेगात हवा मिसळणारे आणखी एक जेट. चित्रातली सुबक नळी हळूहळू गुंतागुंतीची पेटी होते ती या अपवादांमुळे. मॉरिस आणि एमजी गाड्यांवरच्या एसयू कार्बुरेटरने वेगळी वाट धरली : दाबफरक जवळजवळ स्थिर ठेवायचा आणि गळाच लहानमोठा करायचा. हवेबरोबर वरखाली होणाऱ्या निमुळत्या सुईने पेट्रोलचे छिद्र कमीजास्त होते. ती सुई म्हणजे धातूत घासून काढलेला आलेखच आहे.

इंजेक्शनमध्ये हे नैसर्गिक भागाकाराचे काम नाही. तिथे हवा किती आली हे आधी कळावे लागते आणि मग त्या हिशेबाने पेट्रोल सोडावे लागते. किती? टीआर-५ चा एक सिलिंडर सुमारे ४१६ घन सेंटिमीटरचा. पूर्ण भरला तर त्यात अर्धा ग्रॅम हवा. तिला पेट्रोल हवे ३४ मिलिग्रॅम, म्हणजे ड्रॉपरचा जेमतेम एक थेंब. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा असा थेंब मागतो. गाडी उभी असताना मागणी थेंबाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. इतक्या बारीक मापात चूक करायला फारसा वाव नाही.

ल्यूकसच्या यंत्राला हवेबद्दल काय माहीत होते? थ्रॉटलच्या मागे दाब किती आहे, एवढेच. हवेचे तापमान ते पाहत नव्हते. जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन उरला की नाही, याची त्याला वार्ता नव्हती. त्यातच पेट्रोलचा विजेचा पंप काच पुसणाऱ्या वायपरच्या मोटारीवरून बनवलेला. तो तापायचा, टाकीत पेट्रोल कमी असले तर अधिकच, आणि पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटायचा. थोडक्यात, कार्बुरेटर न मोजता जे प्रमाण राखत होता, ते ल्यूकसचे यंत्र अर्धवट मोजून राखू पाहत होते.

यापूर्वी अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने विजेवर चालणारे इंजेक्शन तयार केले होते. १९५८ च्या क्रायस्लर गटाच्या तीन डझनभर गाड्यांत ते बसले, आणि त्यांपैकी बहुतेकींना पुढे पुन्हा कार्बुरेटर बसवावे लागले. त्या कल्पनेला वापरण्याजोगे रूप दिले बॉश कंपनीने, १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीवर. त्या यंत्रणेच्या नावातला पहिला ‘डी’ हा ‘द्रुक’ या जर्मन शब्दाचा, म्हणजे दाबाचा. दाब आणि तापमान मोजायचे आणि वायूच्या समीकरणावरून हवेचे वस्तुमान काढायचे. अकरावीचे समीकरण सेकंदाला कित्येक वेळा सोडवणारी ती पेटी. पण माझ्या मते खरी कलाटणी त्यानंतरची : १९७६ मध्ये व्हॉल्व्होच्या कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत धुराच्या नळीत ऑक्सिजनचा संवेदक आला. त्या दिवसापासून यंत्राला आपली चूक कळू लागली. मिश्रण विरळ झाले तर पुढच्या थेंबात भर, दाट झाले तर कपात. छिद्रातून सोडावे की सुईने मोजावे, हा भेद त्यापुढे दुय्यम झाला. टीआर-५ चे इंजेक्शन आणि आजचे इंजेक्शन यांना एकच नाव आहे, पण मधला हा फरक फार मोठा आहे.

दुसरा साक्षीदार

कार्बुरेटरवाल्यांचा साक्षीदार विमानातला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाला कार्बुरेटर होता, तर समोरच्या जर्मन विमानांना थेट इंजेक्शन. विमान एकदम खाली वळवले की मर्लिनच्या कार्बुरेटरमधले पेट्रोल वर उसळून इंजिन गुदमरायचे. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी छोटी भोक पाडलेली चकती बसवून त्यावर तात्पुरता इलाज केला. तरीही रोल्स-रॉइसने कार्बुरेटर सोडला नाही, कारण पेट्रोलच्या बाष्पीभवनाने आत जाणारी हवा थंड होते, थंड हवा दाट असते आणि दाट हवेतून शक्ती अधिक मिळते.

हे तर्कशास्त्र खरे आहे, पडताळताही येते. एक किलो पेट्रोलची सुप्त उष्णता सुमारे ३५० किलोज्यूल. ती १४.७ किलो हवेतून आणि पेट्रोलच्या स्वतःच्या उष्णतेतून निघाली, तर तापमान वीसेक अंशांनी उतरते. पण हा फायदा रस्त्यावरच्या जुन्या गाडीला लावताना एक गोष्ट विसरली जाते. थंड झालेल्या नळीत बर्फ धरू नये आणि भिंतींवर पेट्रोलची ओल साचू नये, म्हणून त्या काळच्या बहुतेक गाड्यांत मिश्रणाची नळी मुद्दाम धुराच्या नळीला चिकटवून किंवा गरम पाण्याने तापवलेली असे. एका हाताने मिळवलेला गारवा दुसऱ्या हाताने परत दिलेला. लढाऊ विमानाची साक्ष घरच्या गाडीला लागू पडत नाही.

आपल्या पेट्रोलचा प्रश्न

आता आपल्याकडे येऊ. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. त्या इथेनॉलचा काही भाग उसातून येतो, आणि महाराष्ट्राचा त्यात चांगला वाटा आहे. रसायनशास्त्राच्या तासाला करण्यासारखा हिशेब असा : इथेनॉलच्या एका रेणूला, म्हणजे ४६ भाग वस्तुमानाला, ऑक्सिजनचे तीन रेणू लागतात, म्हणजे ९६ भाग. हवेत वस्तुमानाने ऑक्सिजन २३ टक्के. म्हणून एक ग्रॅम इथेनॉलला ९ ग्रॅम हवा पुरते. २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. १४.७ साठी कोरलेले जेट आता गरजेपेक्षा आठनऊ टक्के विरळ मिश्रण देणार. वेग घेताना अडखळणे, इंजिन तापणे, धुराच्या झडपांवर ताण, ही त्याची लक्षणे. (महाबळेश्वरला नेलेल्या आपल्या गाडीचे प्रमाण १३.७ होते. नवे पेट्रोल भरून ती तिथे जवळपास बरोबर चालेल. एका चुकीने दुसरी चूक झाकली जाण्याचे इतके नेटके उदाहरण मिळणे कठीण.)

‘पीयूसी काढली, सगळे ठीक आहे’ असे यावर सांगणारे भेटतात. जुन्या पेट्रोल गाडीची ती तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते. तेव्हा पेट्रोल येते ते वर सांगितलेल्या वेगळ्या मार्गाने. रस्त्यावर धावताना ज्या मुख्य जेटमधून पेट्रोल येते, त्याची या तपासणीत भेटच होत नाही. तपासणी चुकीची नाही. ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

विरळ मिश्रणावर इंजेक्शन हा इलाज नक्कीच आहे, पण संवेदकासह असेल तरच. कार्बुरेटरसारखीच दिसणारी आणि त्याच्याच जागी बसणारी इंजेक्शनची तयार यंत्रे मिळतात. ती घेताना जाहिरातीत न येणारा हिशेब करावा. कार्बुरेटरचा पंप वातावरणाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका दाब देतो. इंजेक्शनला तीन-चार पट वातावरणाचा दाब लागतो. म्हणजे जुन्या रबरी नळ्या आणि क्लिपा बदलणे हा सुरक्षिततेचा भाग झाला. जुन्या टाकीतला गंज इंजेक्टरच्या बारीक तोंडात अडकतो. वळणावर टाकीतले पेट्रोल बाजूला सरकले, तर कार्बुरेटर आपल्या वाटीतल्या साठ्यावर निभावून नेतो. इंजेक्शनच्या पंपाने हवा ओढली की इंजिन लगेच झटका देते. आणि वीज : पंप, इंजेक्टर, नियंत्रक मिळून सतत आठदहा अँपिअर घेतात. साठच्या दशकातल्या कित्येक गाड्यांचा डायनॅमो कमाल २२ अँपिअर देणारा, आणि इंजिन संथ असताना जवळजवळ काहीच न देणारा. रात्री दिवे लावून वाहतुकीच्या कोंडीत उभे राहिले की हिशेब चुकतो. तेव्हा डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, टाकी बदलली, नळ्या बदलल्या. एक भाग बदलायला निघालेला माणूस अर्धी गाडी बदलून बसतो. पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या विशेष नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे, आणि इंजिनातले मोठे बदल त्या अटीत अडतात, हेही लक्षात ठेवावे.

कार्बुरेटर ठेवणाऱ्यालाही काहीच करायचे नाही असे नाही. वेबर कार्बुरेटरच्या जेटवर १२० असा आकडा असेल तर छिद्राचा व्यास १.२० मिलिमीटर. त्या जागी १२५ चे जेट बसवले तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. आपल्याला नेमके तेवढेच हवे होते. संथ गतीचे जेटही त्याच अंदाजाने बदलावे लागेल. शिवाय जुन्या रबराला आणि सीलना इथेनॉल मानवत नाही आणि ते हवेतले पाणी शोषते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा त्रास मिश्रणाच्या प्रश्नापेक्षा मोठा ठरू शकतो. इंजेक्शनही त्यातून सुटत नाही.

माझा कल विचाराल तर तो असा. जी गाडी एकाच गावात, महिन्यातून दोनतीनदा बाहेर निघते, तिचा कार्बुरेटर काढू नये. जेट आणि रबर बदलावे. जी रोज धावते, घाट चढते-उतरते, तिला संवेदकाचे इंजेक्शन शोभेल, फक्त मूळ भाग जपून ठेवावेत आणि विजेची बाजू आधी सुधारावी. टीआर-५ कोणाकडे असेल तर तिचे ल्यूकसचे यंत्र, सगळ्या दोषांसकट, तसेच राहू द्यावे. अशा गाड्या तीन हजारांच्या आत बनल्या आणि त्यांचे सारे महत्त्व त्या यंत्रात आहे.

पण कुठलाही निर्णय घेण्यापूर्वी एक काम दोन्ही पक्षांनी करावे. धुराच्या नळीला एक बूच वेल्ड करून त्यात ऑक्सिजनचा संवेदक आणि डॅशबोर्डखाली त्याचा दर्शक बसवावा. कार्बुरेटरच्या गाडीवरही तो तितकाच चांगला चालतो. मेकॅनिक मंडळी प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखतात. ते कौशल्य मोठे आहे, पण रंगाला दशांश चिन्ह नसते. महिनाभर संथ गतीत, सपाट रस्त्यावर, चढावर आणि एकदम वेग घेताना दिसणारे आकडे वहीत टिपावेत. संवेदक बसवताना तो नळीच्या वरच्या अंगाला, थोडा तिरका ठेवावा. खालच्या अंगाला बसवला तर धुरातले पाणी साचून तो लवकर निकामी होतो.